एक्स्टेन्शनच्या खिडकीखाली ओल: सिलिकॉन पुरे, आता सिल उचलून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमधल्या रेडिंगला घराच्या मागे एकमजली एक्स्टेन्शन आहे. बाहेरून वीट, आतून ब्लॉक, मध्ये कॅव्हिटी, म्हणजे पोकळी. बांधून दोन वर्षं झाली. स्वयंपाकघराची नैर्ऋत्येकडची खिडकी आहे, तिच्याखाली आतल्या बाजूला दोन्ही कोपऱ्यांत ओल येते आणि रंगाचे पोपडे निघतात. बिल्डरने येऊन बाहेरून सिलिकॉन मारलं, ओल आली, त्याने परत मारलं. आता एक डॅम्पवाली कंपनी भिंतीत भोकं पाडून इंजेक्शन द्यायला सांगते आहे. शिवाय स्लाउचे तुमचे मेव्हणे येत्या उन्हाळ्यात असंच एक्स्टेन्शन काढणार आहेत, त्यांनी आधीच काय काळजी घ्यावी.

इंजेक्शनला आधी नाही म्हणून टाका. ते औषध जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीवरचं असतं. तुमची भिंत दोन वर्षांची आहे, तिच्या बुडाशी डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा, पट्टा आहे, आणि तुम्हीच लिहिलंय की स्कर्टिंगजवळ भिंत कोरडी आहे. खालची भिंत कोरडी ठेवून जमिनीतलं पाणी खिडकीच्या कोपऱ्यात उगवत नाही. त्या कंपनीच्या माणसाने दोन टोचण्यांचा मीटर लावून लाल दिवा दाखवला असेल. तो मीटर लाकडासाठी बनवलेला असतो. गिलाव्यावर, विशेषतः क्षार आलेल्या गिलाव्यावर, तो जास्तच आकडा दाखवतो. ओल कुठे जास्त, कुठे कमी, एवढं त्याच्यावरून कळतं. ती कुठून आली हे कळत नाही.

आता भिंतीबद्दल थोडं, कारण आपल्याकडच्या घरांत वाढलेल्या माणसाला ही भिंत चटकन पटत नाही. आपल्याकडे नऊ इंची वीट, दोन्हीकडून सिमेंटचा गिलावा आणि खिडकीवर छज्जा. पाऊस बाहेरच अडवायचा हा हिशोब. इंग्लंडमधली कॅव्हिटी वॉल तसा हिशोब करतच नाही. बाहेरची 102.5 मिमीची वीट भिजणार, वाऱ्याचा पाऊस लागला की दर्जांमधून पाणी तिच्या आतल्या अंगाला पोचणार, हे धरूनच ती बांधलेली असते. ते पाणी कॅव्हिटीत विटेच्या पाठीवरून खाली उतरतं आणि बाहेर पडतं. आतल्या ब्लॉकला त्याचा स्पर्श होऊ नये, एवढंच बघायचं असतं. खिडकी नसलेल्या सलग भिंतीत हे आपोआप जमतं. खिडकी आली की दोन पदर एकमेकांना भेटतात: वर लिंटेलपाशी, दोन्ही बाजूंना, आणि खाली सिलपाशी, म्हणजे खिडकीच्या उंबऱ्यापाशी. त्या चारही ठिकाणी डीपीसीची पट्टी बरोबर नसेल तर बाहेरच्या विटेचं पाणी आत यायला पूल मिळतो.

म्हणून बाहेरच्या सिलिकॉनने तुमचं काम झालं नाही. सिलिकॉन चौकट आणि वीट यांच्यातली फट बुजवतं. विटेच्या आतून जाणारं पाणी त्याच्या मागून निघून जातं. उलट एखाद्या उत्साही माणसाने सिलच्या बुडाची ड्रिपची (पाणी टपकून पडण्यासाठीची) खाच किंवा चौकटीची पाणी जायची भोकं सिलिकॉनने भरली, तर आधी बरं होतं म्हणायची पाळी येते. तुमच्याकडे ही दोन्ही ठिकाणं आजच बघून घ्या. भरलेली असली तर धारदार पात्याने मोकळी करा. त्याला काही खर्च नाही.

पण सिल उखडण्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्यायची: हे पावसाचंच पाणी आहे की घरातली वाफ? स्वयंपाकघर आहे, कुकरच्या शिट्ट्या होतात, इडलीपात्र चढतं, आणि हिवाळ्यात बहुतेक मराठी घरांत कपडे रेडिएटरवर वाळतात. 20 अंश तापमानाच्या खोलीत हवेतली आर्द्रता 50 टक्के असेल तर 9 अंशांच्या आसपास थंड पृष्ठभागावर दव धरतं. आर्द्रता 70 टक्क्यांवर गेली की 14 अंशांवरच धरतं. सिलखालचा भाग हा नेमका असा असतो की जिथे इन्सुलेशनचा बोर्ड तोकडा कापलेला असू शकतो, आणि मग भिंतीचा तेवढाच तुकडा गार राहतो. बुरशीला तर दवाचीसुद्धा गरज नसते. पृष्ठभागाला लागून आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली तरी ती धरते. इथले बांधकाम अभियंते त्यासाठी एक ठोकताळा वापरतात: बाहेर शून्य आणि आत 20 असताना आतल्या पृष्ठभागाचं तापमान कुठेही 15 च्या खाली जाऊ नये.

दोन्हींतला फरक घरच्या घरी कळतो. वाफेची ओल थंडीच्या सकाळी दिसते, काळ्या ठिपक्यांची बुरशी घेऊन येते, काचेच्या खालच्या कडेलाही पाणी असतं, आणि पावसाशी तिचं काही देणंघेणं नसतं. पावसाची ओल वाऱ्याच्या पावसानंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी वाढते, तिला तपकिरी कडा असते, कधी पांढरा क्षार फुलतो, आणि उन्हाळ्यातही येते. तुम्ही जुलैतल्या वादळानंतर डाग वाढल्याचं लिहिलंय, डागाला कडा आहे म्हणता, आणि बुरशी नाही. शिवाय घरातल्या बाकी दोन खिडक्या कोरड्या आहेत आणि त्या पावसाच्या बाजूला नाहीत. मला हा पाऊसच वाटतो. तरी पंधरा पौंडांच्या आत मिळणारा आर्द्रता मोजायचा डबा ओट्याजवळ ठेवाच. आकडा सतत 65 च्या वर दिसला तर पंखाही तपासा. इथल्या नियमाप्रमाणे शेगडीवरच्या हूडने सेकंदाला 30 लिटर हवा बाहेर टाकायला हवी, हूड नसून भिंतीत पंखा असेल तर 60. कोळशाच्या जाळीतून हवा फिरवून परत खोलीत सोडणारा हूड वाफेच्या बाबतीत शोभेचाच.

आता पाइपची परीक्षा. ही मी प्रत्येक ठिकाणी करतो, आणि ती चुकीच्या क्रमाने केली तर तिच्यातून काहीच कळत नाही. चार-पाच दिवस पाऊस नसलेला काळ बघा. एक जण आत टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन बसवा. बाहेर बागेचा साधा पाइप, धार हळू. जेट वॉशर नको, तो चांगल्या भिंतीतही पाणी घुसवतो. सुरुवात सर्वांत खालून करायची: सिलच्या खालची वीट, पंधरा-वीस मिनिटं. आत काही आलं नाही तर सिलचा वरचा भाग. मग सिलची दोन टोकं, एक एक करून. मग चौकटीच्या बाजूचा जोड. सगळ्यात शेवटी खिडकीच्या वरची वीट. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं, आणि आत ओल दिसली तरी ती कुठून आली ते ओळखता येत नाही. दोन पायऱ्यांच्या मध्ये थोडं थांबा, कारण कॅव्हिटीतून पाणी आत यायला वेळ लागतो. कुठल्या वेळी कुठे पाणी मारलं ते लिहून ठेवा. उद्या बिल्डरशी बोलताना हा कागद उपयोगी पडेल.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय सिलच्या टोकांवर आहे. ओल मध्यभागी नसून दोन्ही कोपऱ्यांत आहे, ही खूण त्याचीच. पाठवलेल्या फोटोत विटा कडेवर उभ्या रचून केलेली सिल दिसते, तिच्यावर यूपीव्हीसीची पांढरी सिल आणि तिच्यावर चौकट. विटेची सिल दिसायला छान, पण तिच्यात दर दोन विटांमध्ये मालाची दरज असते. म्हणजे वर आडवं पडलेलं पाणी आत मुरायला अनेक वाटा. इथला अप्रूव्हड डॉक्युमेंट सी (बांधकाम नियमांचं ओलीबद्दलचं सरकारी मार्गदर्शन) स्पष्ट सांगतो की सिल आणि तिचे जोड मिळून पाण्याला पूर्ण अडथळा होत नसेल तर तिच्याखाली डीपीसी हवाच. विटेची किंवा कौलाची सिल म्हणजे हीच परिस्थिती. आणि नुसता पट्टा अंथरून भागत नाही. तो सिलच्या मागे वर वळवायचा आणि दोन्ही टोकांनाही वर वळवायचा, म्हणजे उथळ ट्रे तयार होतो, फक्त पुढची बाजू उघडी. टोकांना न वळवता पट्टा सरळ कापला तर सिलखाली साठलेलं पाणी टोकावरून सरकतं आणि बाजूच्या भिंतीत, थेट तुमच्या डागाच्या जागी, उतरतं.

यूपीव्हीसी सिललाही टोकं असतात, आणि तिथली चूक मी अगणित वेळा पाहिली आहे. ही सिल आतून पोकळ असते. टोकाला प्लास्टिकची टोपी बसते. ती टोपी चिकटवायची आणि तिच्या कडेला आतून सिलिकॉन द्यायचं असतं. घाईत ती नुसती दाबून बसवतात. तुमच्या सिलची टोपी बोटाच्या नखाने हलते का बघा. हलली तर ओढून काढा आणि पोकळीत टॉर्च मारा: आत हिरवट शेवाळ, मालाचा ओला भुगा किंवा पाण्याची रेघ दिसली तर पाणी त्या वाटेने कितीतरी महिने जातंय. दुसरी जागा म्हणजे चौकटीच्या तळातून सिलमध्ये मारलेले स्क्रू. चौकटीच्या तळाच्या कप्प्यात पाणी येणं हे धरलेलंच असतं, ते भोकांतून बाहेर जातं. पण त्याच कप्प्यातून स्क्रू आरपार मारला आणि त्याच्या डोक्यावर सिलिकॉन दिलं नाही, तर स्क्रूच्या कडेने थेंब थेंब खाली.

ड्रिपही बघून घ्या. सिल भिंतीच्या तोंडापासून किमान 40 मिमी पुढे यायला हवी आणि तिच्या बुडाला खाच हवी, म्हणजे पाणी खाचेपाशी सुटून खाली पडतं. खाच नसेल तर पाणी बुडाला चिकटून मागे येतं आणि भिंतीवरून ओघळतं. फोटोत तुमची विटेची सिल भिंतीपासून जेमतेम बोटभर पुढे दिसते आणि तिच्याखाली वीट हिरवी झालेली आहे. हे एकट्याने आत ओल आणणार नाही, पण वरच्या दोषांना भरपूर पाणी पुरवतं.

बाजूच्या भिंतीची गोष्ट. पूर्वी आतला ब्लॉक वळवून विटेला टेकवायचे आणि मध्ये डीपीसीची उभी पट्टी द्यायचे. आता बहुतेक ठिकाणी इन्सुलेशन भरलेला प्लास्टिकचा कॅव्हिटी क्लोझर बसवतात. तो स्वतःच डीपीसीचं काम करतो, पण कॅव्हिटीच्या मापाचा असेल तरच. 2022 च्या जूनपासून इंग्लंडमध्ये एक्स्टेन्शनच्या भिंतीची यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता जाते त्याचं माप, कमी तेवढं चांगलं) 0.18 लागते, आधी 0.28 चालायची. त्यामुळे कॅव्हिटी रुंद झाल्या, आणि व्हॅनमध्ये पडलेला 100 मिमीचा क्लोझर रुंद कॅव्हिटीत कसाबसा कोंबून उरलेल्या फटीत फोम मारलेला मी पाहिला आहे. फोम इन्सुलेशनसाठी ठीक. पाणी अडवायला त्याच्यावर भरवसा ठेवू नये, विशेषतः कापल्यावर. चौकट क्लोझरवर निदान 30 मिमी चढलेली असावी. ती पार पुढे, फक्त विटेवर बसवली असेल तर बाजूचा कोपरा गारही राहतो आणि ओलाही.

या सगळ्या पट्ट्यांच्या जोडांचा नियम कोकणातल्या कौलांचाच: वरचं खालच्यावर, पुढून. लिंटेलवरचा ट्रे (कॅव्हिटीतलं पाणी बाहेर वळवणारी पट्टी) बाजूच्या उभ्या पट्टीवर यायला हवा, आणि उभ्या पट्टीचं खालचं टोक सिलच्या पट्टीच्या वळवलेल्या कानाच्या पुढे, म्हणजे पावसाच्या बाजूला, उतरायला हवं. कान पुढे आणि उभी पट्टी मागे झाली तर वरून आलेलं पाणी कानाच्या मागे पडतं. दोन्ही पट्ट्या आहेत, इन्स्पेक्टरने पाहिल्याही आहेत, तरी ओल येते, असं कोडं पडलं की मी हा जोड आधी उघडतो.

लिंटेलकडे एक नजर टाका. खिडकीवर विटेच्या उभ्या दर्जेत निदान दोन वीप होल, म्हणजे ट्रेमधलं पाणी बाहेर पडायची भोकं, दिसायला हवेत. दिसत नसतील तर ट्रेच्या टोकांना स्टॉप एन्ड (पाणी टोकावरून सांडू न देणारा बांध) नसण्याचीही शक्यता असते. मग ट्रेमधलं पाणी टोकावरून पडून चौकटीच्या बाजूने खाली येतं आणि सिलच्या कोपऱ्यात डाग धरतो. पाइपच्या परीक्षेत शेवटच्या पायरीला आत ओल आली तर दोष वरचा आहे, सिलला हात लावू नका.

समजा परीक्षेत सिलची टोकंच सापडली. मग दुरुस्ती अशी. काचेच्या आतल्या पट्ट्या काढून काच उतरवायची, चौकटीचे स्क्रू काढून चौकट बाहेर घ्यायची. शहाणा फिटर असेल तर चौकट जशीच्या तशी परत बसते. विटेची सिल तोडायची, कॅव्हिटीत पडलेला माल साफ करायचा. तो तिथे जवळपास नेहमीच असतो, आणि तोही पाण्याला पूलच देतो. सिलखालचं इन्सुलेशन तोकडं असेल तर आत्ताच भरून घ्या, ही संधी पुन्हा येत नाही. मग एकसंध डीपीसी, मागे आणि टोकांना वर वळवलेली, बाजूच्या पट्टीच्या मागे सरकवलेली, पुढे विटेच्या तोंडापर्यंत आलेली. तिच्यावर नवी सिल. परत विटेचीच हवी असा हट्ट नसेल तर मी अखंड काँक्रीटची ड्रिपवाली सिल घालीन. तिच्यात मधल्या दर्जा नाहीत, आणि टोकं भिंतीत बसणाऱ्या सपाट बैठकीची मिळाली तर आणखी उत्तम. यूपीव्हीसी सिल सिलिकॉनच्या दोन रेघांवर बसवायची, टोप्या आतून सील करून. सगळ्यात शेवटी बाहेरचं सिलिकॉन: न्यूट्रल क्युअर, लो मॉड्युलस, मागे फोमची दोरी घालून, म्हणजे ते दोनच बाजूंना चिकटतं आणि ताण आला तरी फाटत नाही.

विटेवर पाणी न चिकटू देणारं सिलोक्सेन क्रीम मारून द्या, असं कुणी सुचवेल. विटेची वरवरची ओल त्याने कमी होते, पण डीपीसी नसलेल्या सिलला तो उपाय नाही, आणि मोडक्या दर्जांवर मारलं तर आत गेलेलं पाणी बाहेर यायला उशीर लावतं.

खर्च कुणाचा? बिल्डिंग कंट्रोलचं (बांधकाम नियमांप्रमाणे तपासणाऱ्या यंत्रणेचं) कम्प्लिशन सर्टिफिकेट म्हणजे प्रत्येक पट्टी कुणी पाहिली असं नाही, त्यामुळे कौन्सिलशी भांडण्यात अर्थ नाही. करार बिल्डरशी आहे. साध्या करारावर सहा वर्षांपर्यंत दावा करता येतो. आणि 28 जून 2022 नंतर पुरं झालेलं काम घर राहण्याजोगं न ठेवण्याइतकं सदोष असेल तर डिफेक्टिव्ह प्रेमिसेस ॲक्टखाली ती मुदत 15 वर्षं आहे. सिलच्या ओलीला हा कायदा लावता येईल का हे वकिलाला विचारा, कराराच्या दाव्यासाठी वकील लागत नाही. बिल्डरला तारीख घालून पत्र पाठवा, सोबत पाइपच्या परीक्षेचा कागद आणि फोटो. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त बिल्डर एवढ्यावर येतात, कारण काय चुकलंय हे त्यांना तो कागद वाचताच कळतं.

आता मेव्हण्यांसाठी. त्यांनी नकाशा काढणाऱ्याकडून खिडकीचा उभा आणि आडवा छेद 1:5 मापात मागून घ्यावा, त्यात सिल, क्लोझर आणि चौकटीची जागा दाखवलेली असावी. "मानक तपशिलाप्रमाणे" एवढंच लिहून आलं तर परत पाठवावा. क्लोझर कॅव्हिटीच्या मापाचा ऑर्डर झालाय का, हे वीट सुरू होण्याआधी विचारावं. भिंत सिलच्या उंचीला आली की त्या संध्याकाळी साइटवर जाऊन डीपीसीचे कान वळवलेत का ते बघावं आणि फोटो काढावेत, कारण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं झाकलं जातं. खिडकीवाला "आमचं फेन्साचं सर्टिफिकेट मिळेल" म्हणाला तर हुरळून जाऊ नये. फेन्सा जुन्या घरातल्या बदलीच्या खिडक्यांसाठी आहे, नव्या एक्स्टेन्शनच्या खिडक्या बिल्डिंग कंट्रोलच्याच अखत्यारीत येतात. त्यांचं घर स्लाउऐवजी कॉर्नवॉल किंवा वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याला असतं तर चौकट विटेच्या मागे खाचेत बसवायला सांगितलं असतं. अतितीव्र पावसाच्या पट्ट्यात नियमही तेच मागतो. स्लाउला तितकी गरज नाही, पण चौकट विटेच्या तोंडाशी न आणता थोडी मागे घेतली तर नुकसान काहीच नाही. आणि जुन्या घराच्या भिंतीला एक्स्टेन्शनचं छत जिथे मिळतं तिथे त्या जुन्या कॅव्हिटीत ट्रे घालायचा असतो. तो विसरला तर ओल छताखाली येते, खिडकीखाली नाही, तेव्हा तो वेगळा विषय.

तुमच्याकडे दुरुस्ती झाल्यावर आतला गिलावा लगेच रंगवू नका. ओली भिंत साधारण महिन्याला एक इंच या वेगाने वाळते, म्हणजे 100 मिमीच्या ब्लॉकला चार महिने धरून चाला. पोपडे आणि क्षार आलेला गिलावा मात्र आत्ताच, डागाच्या कडेपलीकडे वीतभर जास्त, खरवडून काढा. क्षार हवेतली ओल ओढत राहतात आणि नंतर दुरुस्ती फसल्यासारखं वाटतं. तीन-चार ठिकाणी पेन्सिलने खूण करून दर पंधरा दिवसांनी त्याच जागी मीटर लावा. आकडे उतरत गेले आणि मधल्या दोन-तीन वादळांत वर चढले नाहीत, की नवा गिलावा करून साधा मॅट इमल्शन लावा, सिल्क नको.